४५ हजारांत लॅपटॉप: जुनं मॉडेल, नवं मॉडेल की कंपनीतून आलेलं थिंकपॅड?

हडपसरची_आई

मुलीला यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. कॉलेज पुण्यातच, रोज पीएमपी बसने जाऊन-येऊन. बजेट ४५ हजार, फार ताणलं तर ४८. दुकानं पालथी घालून तीन गोष्टींवर आलोय:

अ) लेनोवो आयडियापॅड स्लिम ३, १५.६ इंची, इंटेल कोअर आय-फाइव्ह १२३५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दुकानदाराच्या भाषेत "जुनं मॉडेल, शेवटचा पीस". ४६,५०० रुपये.

आ) त्याच मालिकेतलं पुढचं मॉडेल, एएमडी रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. ४४,९०० रुपये. दुकानदाराचा सगळा जोर यावर: नवं आहे, रॅम दुप्पट आहे, वर स्वस्तही आहे.

इ) थिंकपॅड टी४८०, ऑफिसात वापरून कंपनीने काढलेलं, आय-फाइव्ह ८३५०यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. २४ हजार.

पहिल्या वर्षी सी किंवा पायथन, मग जावा, मायएसक्यूएल, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अँड्रॉइड स्टुडिओ, असं सीनियर मुलं सांगतात. गेम नाहीत. चार वर्षं निघाली पाहिजेत. आ घेण्यात काही खोट आहे का?

कर्वेरोड_सिलिकॉन

आहे, ताई. आ मधलं मॉडेल नवं, प्रोसेसर जुना.

एएमडीने २०२३च्या मालिकेपासून लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या चार आकड्यांना नवा अर्थ दिला. पहिला आकडा फक्त मालिकेचं वर्ष सांगतो, ७ म्हणजे २०२३. आतलं कोअर (प्रत्यक्ष काम करणारा भाग) कुठल्या पिढीचं, हे तिसऱ्या आकड्यात असतं. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या कोअर-रचनेचं नाव). झेन २ बाजारात आलं २०१९ साली. कोअर ४, थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं) ८, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) ४ एमबी, ग्राफिक्स रेडिऑन ६१०एम, त्यात फक्त २ कम्प्यूट युनिट (ग्राफिक्सचं काम करणारे गट).

अ मधला १२३५यू २०२२चा. २ मोठी (वेगवान) कोअर, ८ छोटी (वीज वाचवणारी), एकूण १२ थ्रेड, एल३ कॅश १२ एमबी. कमाल वेग दोघांचा जवळपास सारखा छापलेला दिसेल, ४.४ आणि ४.३ गिगाहर्ट्झ. पण गिगाहर्ट्झवरून वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना होत नाही. तेवढ्याच ठोक्यात १२३५यूचं मोठं कोअर बरंच जास्त काम उरकतं. फाइल उघडणं, प्रोग्राम कंपाइल होणं, ब्राउझरमध्ये जड पान येणं, या सगळ्यात ते हाताला जाणवतं.

७५२०यूची जमेची बाजूही आहे. तो वीज कमी खातो, तापत कमी, पंखा शांत राहतो. ऑनलाइन लेक्चर, वर्ड, एक्सेल, पीडीएफ एवढंच काम असेल तर तक्रारीला जागा नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

दुकानात आणखी नावं कानावर पडतील म्हणून सांगून ठेवतो. ७५३०यू म्हणजे झेन ३, ६ कोअर, १६ एमबी कॅश. ७५२० आणि ७५३० मध्ये एका आकड्याचा फरक दिसतो, प्रत्यक्षात ही दोन वेगळी यंत्रं आहेत. ५५००यू झेन २च आहे, पण ६ कोअरचा. ५६२५यू झेन ३, आणि ७५३०यू हे जवळजवळ त्याचंच नवं बारसं. इंटेलकडेही हे आहेच: "कोअर ५ १२०यू" हे नाव २०२४चं, रचना तेराव्या पिढीचीच, वेग थोडा वाढवलेला. "आय-थ्री एन३०५" वर आय-थ्री लिहिलंय म्हणून भुलू नका, त्यात मोठं कोअर एकही नाही. सेलेरॉन एन४०२० दिसला की पुढच्या टेबलाकडे जायचं.

पर्वतीपायथा

सिलिकॉनराव, प्रोसेसरचं पटलं. पण रॅमचं काय? विंडोज ११ सुरू होऊन नुसती बसली तरी तीन-चार जीबी गिळते. वर क्रोमचे दहा टॅब आणि व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) उघडलं की ८ जीबी भरली. मग रॅममध्ये न मावलेलं एसएसडीवर हलवणं-आणणं सुरू होतं आणि तुमचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. डीडीआर४चं उत्पादन कंपन्या आवरत्या घेतायत, त्यामुळे "जुनी रॅम स्वस्त मिळेल" हा हिशोबही आता चालत नाही. १६ जीबी हातात मिळत असताना ८ का घ्यायची?

अँड्रॉइड स्टुडिओला गुगल एमुलेटरसकट (म्हणजे कॉम्प्युटरवरच चालणाऱ्या नकली फोनसकट) १६ जीबी सांगतं, ते वेगळंच.

रॅमराया

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून हा प्रश्न अवघड. आकडे मांडतो.

७५२०यू बरोबर फक्त एलपीडीडीआर५ चालते आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली (पक्की जोडलेली, न निघणारी) असते. स्लॉट नाही. १६ जीबी घेतली तर जन्मभर १६. चार वर्षांसाठी १६ पुरेल. पण हेच मॉडेल ८ जीबीतही विकतात. ते कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नये, कारण सुटकेचा मार्गच नाही. मेमरीचा वेग मात्र बरा आहे: ५५०० गुणिले ८ बाइट, म्हणजे सेकंदाला ४४ जीबी.

अ मध्ये डीडीआर४ ३२००. एकच चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) चालू असेल तर ३२०० गुणिले ८, म्हणजे २५.६ जीबी. दोन्ही चॅनल भरले की ५१.२. आज आहे त्या अवस्थेत अ मेमरीत मागे आहे, रॅमची आणखी एक पट्टी (स्टिक) टाकली की पुढे जातं.

आता खरी मेख. या मॉडेलमध्ये बोर्डावर थोडी रॅम सोल्डर केलेली असते आणि शेजारी एक स्लॉट असतो. "८ जीबी" दोन तऱ्हांनी जुळवलेली येते. एक, बोर्डावर ८ आणि स्लॉट रिकामा. दोन, बोर्डावर ४ आणि स्लॉटमध्ये ४ची स्टिक. खोक्यावर दोन्हीकडे "८ जीबी" एवढंच. पहिल्या तऱ्हेत ८ची स्टिक घातली की १६. दुसऱ्या तऱ्हेत ४ची काढून ८ची घातली तरी १२च, आणि काढलेली ४ची स्टिक पडून.

दुकानात यंत्र चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे "स्लॉट्स यूज्ड"ची ओळ बघा. मग डावीकडे खाली जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) नाव वाचा. १२३५यूचं ग्राफिक्स दोन चॅनल भरलेले असतील तरच "आयरिस एक्सई" म्हणून दिसतं, एकाच चॅनलवर "यूएचडी" दिसतं. ८ जीबीच्या यंत्रात "यूएचडी" दिसलं तर स्लॉट रिकामा असण्याची शक्यता जास्त, म्हणजे तुमच्या फायद्याचं. लोक नेमकं उलटं समजतात आणि आयरिस दिसलं की खूश होतात.

हडपसरची_आई

हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या दुपारी जाऊन बघते. मॉडेल नेमकं कुठलं ते कसं ओळखायचं? दोन्हीवर "स्लिम ३" एवढंच लिहिलंय.

पेठकर

दुपारी कशाला जाताय, १ ते ४ मध्ये लॅपटॉपसुद्धा झोपलेले असतात.

कर्वेरोड_सिलिकॉन

😄

ताई, यंत्र उलटं करा. खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात १५आयएयू७ किंवा १५एएमएन८ असं काही असेल. १५ म्हणजे पडद्याचे इंच. आय म्हणजे इंटेल, पहिलं ए म्हणजे एएमडी. पुढची अक्षरं प्रोसेसरच्या घराण्याची: आयएयू मधला ए अल्डर लेकचा (बारावी पिढी), आयआरयू असेल तर रॅप्टर लेक (तेरावी), एएमएन मधला एम मेंडोसिनोचा (म्हणजे ७५२०यू आणि त्याची भावंडं), एबीआर मधलं बीआर बार्सेलो-आरचं (७५३०यू). शेवटचा आकडा मॉडेलची पिढी. खोक्यावर मशीन टाइप असतो: १५आयएयू७ चा ८२आरके, १५एएमएन८ चा ८२एक्सक्यू. त्यापुढची अक्षरं धरून पूर्ण नंबर लेनोवोच्या पीएसआरईएफ साइटवर टाकलात की रॅम किती सोल्डर्ड, पडदा कुठला, बॅटरी किती वॉट-अवर, सगळं येतं. एचपीला प्रॉडक्ट नंबर आणि डेलला सर्व्हिस टॅग तेच काम करतात.

एक इशारा: १५आयआरयू८, म्हणजे तेराव्या पिढीचं स्लिम ३, हे "अ पेक्षा नवं" म्हणून दाखवतील. प्रोसेसर थोडा वेगवान आहे, पण रॅम सगळी सोल्डर्ड. तिथे १६ जीबीवालंच बघायचं.

तापकीरगल्ली

शेवटचा पीस म्हणजे तो किती दिवस पडून होता, हेही बघावं लागतं. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ते वाचा. दीड-दोन वर्षं गोदामात असलेल्या यंत्राची बॅटरी चार्ज न होता पडून असते, आणि लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिची क्षमता कायमची घटते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. स्टार्टवर उजवं क्लिक, टर्मिनल उघडा. पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट (सलग) असं इंग्रजीत टाइप करून एंटर. युजरच्या फोल्डरमध्ये एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघा. नव्या यंत्रात दुसरा आकडा पहिल्याच्या आसपासच हवा. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर दुसरा पीस मागा किंवा भाव पाडा. सायकल काउंटही (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली) तिथेच असतो. "सीलबंद" म्हणून दिलेल्या पीसवर तो पंचवीस-तीस दिसला तर तो डिस्प्लेला ठेवलेला पीस आहे.

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मिळायला हवी. पण कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की कधी कधी ती कंपनीतून माल निघाल्यापासून सुरू झालेली दिसते. जुन्या स्टॉकमध्ये हे हमखास तपासा. तसं दिसलं तर जीएसटीचं पक्कं बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून घेता येते. त्यासाठी बिलावर सिरियल नंबर लिहिलेला लागतो. "बिल नको, १८ टक्के वाचतील" म्हणणाऱ्याला नमस्कार.

जुनाबाजार_पारखी

इ बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर.

टी४८० हे २०१८चं यंत्र. आजही मागणी आहे ती उगाच नाही. रॅमचे दोन स्लॉट, दोन्हीतली स्टिक बदलता येते, काहीही सोल्डर्ड नाही. पुढच्या टी४९० पासून अर्धी रॅम बोर्डावर गेली. बॅटऱ्या दोन: आत २४ वॉट-अवर, मागे काढघाल करता येणारी २४, ४८ किंवा ७२. कीबोर्ड या किमतीतल्या कुठल्याही नव्या यंत्राहून सरस. बसमध्ये धक्के खाणाऱ्या बॅगेसाठी बांधा मजबूत. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालते, त्यामुळे ८३५०यू बसतो.

याच्याहून जुनं काही घेऊ नका. टी४७० दिसायला असंच, पण सातव्या पिढीचा आय-फाइव्ह २ कोअरचा, आठव्याचा ४ कोअरचा. वर विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि सातव्या पिढीवर "विंडोज ११ टाकून दिलंय" म्हणतात ते तपासणी चुकवून टाकलेलं असतं. दरवर्षीचं मोठं अपडेट तिथे आपसूक येत नाही.

दुकानात हे या क्रमाने करा.

आधी बायॉस (विंडोजच्या आधी उघडणारी यंत्राची मूळ सेटिंग्ज). चालू करताना एफ१ (डेलला एफ२, एचपीला एफ१०). पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. उघडलं तर सिक्युरिटीमध्ये ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (कंपन्या लावतात ते चोरीविरोधी कुलूप) शोधा. "ॲक्टिव्हेटेड" नको. "डिसेबल्ड" किंवा "पर्मनंटली डिसेबल्ड" चालेल.

मग विंडोज रीसेट करायला लावा आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये वायफाय जोडा. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून निघालेल्या मालात हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. एखाद्या कंपनीचं नाव घेऊन लॉगिन मागितलं, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या ऑटोपायलट यादीत (मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेल्या कंपनीच्या यंत्रांच्या यादीत) आहे. दुकानदार "वायफाय न लावता पुढे जा, नंतर काही होत नाही" म्हणेल. होतं. पुढच्या रीसेटला ते पान पुन्हा समोर येतं, आणि ते काढणं फक्त मूळ कंपनीच्या हातात असतं.

विंडोजचा परवाना: टर्मिनलमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, तिरकी रेघ, एक्सपीआर. "पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड" आलं पाहिजे. संपण्याची तारीख दिसली तर तो केएमएसचा (कंपन्यांसाठीच्या परवाना पद्धतीचा) १८० दिवसांचा जुगाड आहे.

यूएसबी-सीची दोन्ही भोकं चार्जर लावून तपासा, कारण टी४८०ला गोल पिनचं चार्जिंग नाहीच. त्या काळातल्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट (वेगवान यूएसबी-सी) कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता. चिपवर सतत लिहिलं जाऊन ती निकामी व्हायची, मग यूएसबी-सीवरून चार्जिंग आणि बाहेरचा पडदा, दोन्ही बंद. लेनोवोने दुरुस्तीचं फर्मवेअर काढलं. यंत्र घेतल्या दिवशी पहिलं काम ते टाकण्याचं. भोक आधीच मेलेलं असेल तर बोर्डावरची चिप नव्याने लिहावी लागते, ते सगळ्यांना जमत नाही.

पडदा: कंपन्यांच्या लॉटमध्ये १३६६ गुणिले ७६८ चे टीएन (स्वस्त, कोन बदलला की रंग बदलणारे) पडदे भरपूर असतात. कोड लिहायला तो नको. १९२० गुणिले १०८० आयपीएसच (कुठल्याही कोनातून नीट दिसणारा) मागा. पांढरं चित्र लावून डाग बघा, काळं लावून कडांतून झिरपणारा उजेड.

एसएसडी: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थचे टक्के आणि पॉवर-ऑन तास. ५१२ जीबी "नवी टाकली" असं म्हणत असतील तर तास दोन आकडी हवेत.

दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वर सांगितलेल्या रिपोर्टमध्ये वेगवेगळे दिसतात. मागची थकली तर बदलणं सोपं. आतलीसाठी खालचं झाकण उघडावं लागतं. बाजारातल्या स्वस्त बॅटऱ्यांवर लिहिलेले वॉट-अवर सहसा खरे नसतात.

पर्वतीपायथा

मग इ घेऊन २१ हजार वाचवायचे का?

जुनाबाजार_पारखी

पहिली दोन वर्षं आरामात निघतील. पण आज सात-आठ वर्षांचं झालेलं यंत्र कोर्स संपताना बारा वर्षांच्या आसपास असेल. ८३५०यूमध्ये एव्ही१ या नव्या पद्धतीने आवळलेला व्हिडिओ उलगडायचं हार्डवेअर नाही, यूट्यूबवर तसा व्हिडिओ आला की प्रोसेसरच राबतो आणि पंखा सुटतो. अँड्रॉइड स्टुडिओचा एमुलेटर चालेल, पण ओढत. करता येईल अशी गोष्ट म्हणजे वाचलेले पैसे बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षी त्या वेळचं यंत्र घेणं. घरात तेवढी शिस्त असेल तर हा सौदा वाईट नाही. आणि आधी फॅन साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. एवढ्या वर्षांची पेस्ट सुकून खडू झालेली असते, पुण्याच्या एप्रिलमध्ये ती साथ देत नाही.

मुळशी_ढग

अ आणि आ दोन्हीचा पडदा बघा रे कुणीतरी. या किमतीत "फुल एचडी" सगळेच लिहितात. आत टीएन असेल तर मान जरा खाली-वर केली की रंग उलटे होतात. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे रंग फिके, आणि २५० निट्स एवढाच पडद्याचा उजेड म्हणजे खिडकीपाशी बसून वाचणं कठीण. कोडिंगला रंगांची फिकीर नाही, पण टीएन नको. एकाच मॉडेलमध्ये टीएन आणि आयपीएस दोन्ही येतात, त्यामुळे परीक्षण वाचून काही कळत नाही. पीस डोळ्यांनीच बघायचा.

हडपसरची_आई

जाऊन आले (दुपारी नाही, पेठकर!).

अ: स्टिकरवर १५आयएयू७, खोक्यावर ८२आरके. टास्क मॅनेजरमध्ये "स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २", ग्राफिक्स आयरिस एक्सई. बॅटरी डिझाइनच्या ९६ टक्के. पडदा बाजूने बघितला तरी रंग तसेच. खोक्यावरची तारीख जुनी आहे, वॉरंटी मात्र साइटवर अजून सुरू झालेली दिसत नाही.

आ: १५एएमएन८, १६ जीबी.

इ: वायफाय जोडल्यावर एका कंपनीचं लॉगिन पान आलं. दुकानदार म्हणाला, उद्या साफ करून देतो.

जुनाबाजार_पारखी

इ चा विषय संपला. "साफ करून देतो" म्हणजे वायफाय तोडून सेटअप पुढे ढकलतो. यादीतून नाव मूळ कंपनीलाच काढता येतं.

रॅमराया

अ मध्ये ४ अधिक ४ निघाली. म्हणजे आयरिस दिसतंय ते खरं, पण वाढ मर्यादित. ४ची काढून ८ची घातली की १२. त्यातली ८ जीबी दोन चॅनलवर चालते, उरलेली ४ एका चॅनलवर. रोजच्या कामात हा फरक कळणार नाही. १२ जीबीत जावा, मायएसक्यूएल, ब्राउझर सुखाने चालतं. अँड्रॉइड स्टुडिओ चालेल. एमुलेटरऐवजी मुलीचा फोन केबलने जोडून त्यावर ॲप चालवायचं, दोन-तीन जीबी तिथेच वाचते. लेनोवोच्या तक्त्यात या मॉडेलला कमाल १६ आहे, त्यामुळे १६ची स्टिक घालून २० करणं तक्त्याबाहेरचं. दुकानदार स्वतः लावून चालवून दाखवणार असेल तरच.

४६,५०० अधिक ८ची स्टिक धरली तर ४८च्या वर जाल. दुकानदाराला सांगा, ४ची स्टिक तू ठेव, ८ची घालून ४८ला दे. जुन्या मॉडेलचा शेवटचा पीस त्यालाही काढायचा आहे.

पर्वतीपायथा

मी अजूनही आ कडे झुकतो, १६ म्हणजे १६. पण १५एबीआर८, म्हणजे ७५३०यू, ४८ मध्ये कुठे मिळतंय का बघा. मिळालं तर अ आणि आ दोन्ही विसरा. ६ कोअर आहेत, एव्ही१चं हार्डवेअर त्यात नाही एवढंच.

कर्वेरोड_सिलिकॉन

याच्याशी सहमत. दोन-तीन दुकानांत फोन करून एबीआर८ विचारा. नसेल तर १२ जीबी केलेलं अ. १२ आणि १६ मधला फरक जड कामातच भासेल, ७५२०यू आणि १२३५यू मधला रोज.

हडपसरची_आई

दोन ठिकाणी विचारलं. एबीआर८ एकाकडे आहे, पण ५३ हजार, बजेटबाहेर. अ वाला ८ची स्टिक घालून ४७,८०० ला तयार झाला, ४ची तो ठेवणार. घेताना काय बघू?

तापकीरगल्ली

स्टिक समोर घालायला सांगा. डीडीआर४ ३२००, लॅपटॉपची, २६० पिनची. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. यंत्र पूर्ण बंद, चार्जर काढलेला. खालचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा करायचा. हे टाळून स्टिक काढली की बोर्ड जाण्याचा धोका असतो. झाकणाचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असू शकतात, काढलेल्या क्रमाने मांडून ठेवायला लावा. लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला की वरच्या बाजूला उंचवटा येतो. स्टिक तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा खट् आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, मेमरीची जुळणी चालू असते, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

मग टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी आणि ३२०० चा वेग, दोन्ही बघा. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक एकदा तिथेच चालवा. झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येणार नाही, हे दुकानदाराने नाही, सर्व्हिस सेंटरने सांगितलेलं हवं. आधी मेल टाकून उत्तर घेऊन ठेवा.

रॅमराया

एक राहिलं. स्टिक घालण्याआधी त्या यंत्रावर मुलीचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकू नका. आजकाल सेटअप होताच ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि आतला भाग किंवा बायॉस बदलल्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकते. अकाउंट घरी येऊन टाका, नंतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून ती की दिसतेय याची खात्री करा आणि कागदावर उतरवून घराच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. सेटिंग्जमध्ये "एस मोड" (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालू देणारी विंडोज) दिसला तर तोही घरीच काढा. फुकट निघतो, पण एकदा काढला की परत लावता येत नाही, आणि तो असेपर्यंत बाहेरून उतरवलेली कुठलीच कंपायलरची फाइल चालणार नाही. बिलावर लॅपटॉपच्या सिरियल नंबरबरोबर स्टिकचाही नंबर लिहून घ्या, तिची वॉरंटी वेगळी असते.